दंडावरच्या बलिया

कॅन्सरच्या गाठीवरचं औषध द्यायला दंडातून नळी घालायची होती, म्हणून नागपूरच्या दवाखान्यातल्या नर्सने नंदाबाईला कोपरावरच्या पांढऱ्या बलिया काढायला सांगितलं. नंदाबाईने हात पदराखाली घेतला. तांड्यातली बाई या बांगड्या उतरवते ती नवरा गेल्यावरच.

"मी काय रांडव आहो?"

"मी जित्ता आहो ना तुह्या पुढं," देवसिंग मास्तर म्हणाले. "मीच काढतो. औषध गाठीपाशी पोचलं का मीच घालून देईन."

त्यांनी साबण लावून एकेक बलिया सोडवली. नंदाबाई भिंतीकडे बघत राहिली.

तांड्यावर परतल्यावर नात उज्ज्वलाने आजोबांना विचारलं, "दादा, हे नॅनो औषध म्हणजे काय?"

मास्तरांनी अंगणात काडीने बैल काढले. "आपले लोक आधी बैलांवर मिठाच्या गोणी लादून नेत. वाटेत गोणी सोडायची नाही, सांगितल्या गावीच उतरवायची. हे औषधही तसंच, डोळ्याले न दिसणाऱ्या चरबीच्या गोणीत भरलेलं. गाठीतल्या रक्ताच्या नळ्या गळक्या असतात, तिथून गोणी आत शिरते. बाकीच्या अंगाले जाच कमी."

"अन् बैल वाट चुकला तं?"

नंदाबाई दारात उभी होती.

"चुकत नाही," मास्तर म्हणाले.

"मंग त्यायले सांगा, चिमूटभर मीठ माह्या तोंडात टाका," नंदाबाई म्हणाली. "भाकरीले चवच नाही राह्यली."

तिघंही हसली.

पावसाळा सरला. डॉक्टरांनी नळी काढली आणि मास्तरांना बाजूला घेतलं. बरंचसं औषध यकृतातच अडकलं होतं. गाठीत फार थोडं पोचलं आणि गाठ वाढतच गेली. आता घरी ठेवा, दुखणं कमी करण्याच्या गोळ्या देतो, ते म्हणाले.

घरी उज्ज्वला वाटच पाहत होती. "गोणी पोचली, दादा?"

मास्तर ओट्यावर बसले. "थोडी पोचली, बेटा. बाकीचे बैल वाटेतच अडकले. चुकत नाही म्हणून मी तुले खोटं सांगतलं."

"मंग आता?"

आतून नंदाबाईचा आवाज आला. "आता माह्या बलिया आणा. तुमच्या बैलायची अजून किती वाट पाहू?"

या वेळी साबण लागला नाही. बलिया कोपरावरून सहज वर गेल्या. नंदाबाईने हात खाली केला, तशा सगळ्या मनगटाशी येऊन पडल्या. मास्तरांनी त्या वर सरकवल्या. पुन्हा घसरल्या. त्यांनी पुन्हा सरकवल्या.

उज्ज्वलाने वेणीची रिबीन सोडली आणि बलियांखाली दंडाला गुंडाळली.

"दुखते का, दादी?"

"नाही. बांध घट्ट."