खुर्चीखालचा वारा

"खोटं आहे हे! साफ खोटं!" चष्मेवाल्यांनी कानावरचे हेडफोन काढून टेबलावर आपटले.

"आता काय झालं? पडलात का?" सिस्टरनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आतून विचारलं.

"पडलो असतो तर बरं! डोंगराच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. मधे एवढी मोठी खिंड, पण चढ-उताराचा काटा ढिम्म हलत नाही. आपलं सारखं वर, वर, वर. ही हवा आहे की सरकता जिना?"

चष्मेवाल्यांचा चष्म्याचा धंदा जन्मभराचा. आठवडाभर लोकांच्या भिंगांना घासून आकार द्यायचा आणि रविवारी ग्लायडर उडवायचं, असा त्यांचा नेम. ग्लायडरला इंजिन नसतं. वारा डोंगरावर आदळला की त्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि त्या चढत्या वाऱ्यावर डोंगराच्या कडेकडेनं तासन्‌तास तरंगत राहायचं, ही चष्मेवाल्यांची खासियत. क्लबातले लोक म्हणत, याला डोंगर ओळखतो.

गेल्या वर्षी हृदयानं दगा दिला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, चालवायचं तर नाहीच, पण नुसतं बसूनही वर जायचं नाही. त्या दिवसापासून चष्मेवाले क्लबाकडे फिरकले नाहीत. "जायचं कशाला? खालून मान वर करून बघायला?" लेकीला बापाची ही दशा बघवेना. तिनं मोठा स्क्रीन, दांडा, पायाशी पेडल असा ग्लायडरचा सगळा खोटा संसार घरी पाठवला. चष्मेवाल्यांनी दोन दिवस हौसेनं उडवलं आणि मग नावं ठेवायला सुरुवात केली.

"उद्या हे सगळं खोक्यात भरून परत पाठव तिला," ते आज म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

सिस्टर हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका. नवऱ्याच्या रविवारांवर त्यांनी सगळा संसारभर राग धरला होता. क्लबाचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. सवतीच्या घरी कोण जातं? पण आता हा माणूस रविवारी घरात असायचा आणि असून नसल्यासारखा असायचा. तेच रविवार परत यावेत असं त्यांना मनापासून वाटायला लागलं होतं. खोकं एकदा गेलं की हा पुरता मिटणार, हेही त्यांना दिसत होतं.

"नेमकं कमी काय आहे यात?"

"बुडाला कळत नाही."

"काय?"

"अगं, वर चढतोय हे काट्याच्या आधी बुडाला कळतं! खालून धक्का बसतो. डोंगर डावीकडे असला तर डावा पंख आधी उचलला जातो. खिंडीवर आलं की सगळं ढिलं पडतं. इथं काय, लाकडी खुर्ची!"

सिस्टरनी पदर खोचला. "बसा खुर्चीत. लावा ते."

"काय करतेस?"

"आयुष्यभर भल्याभल्यांना कूस बदलायला लावलीय. तुम्ही काय जड? सांगा, कधी उचलू?"

मग त्या घरात जे सुरू झालं त्याला काय म्हणावं! चष्मेवाले दांडा धरून ओरडताहेत, "डावी! डावी बाजू! आता सोड, खिंड आली!" आणि सिस्टर मागे उभ्या राहून खुर्ची तिरपी करताहेत, हिसडताहेत, आपटताहेत. खालच्या मजल्यावरच्या काकू काठीनं छत बडवायच्या. सिस्टर तिकडे साफ कानाडोळा करायच्या. आठवड्याभरात त्यांना स्क्रीनवरच्या डोंगराची प्रत्येक सोंड पाठ झाली. खोक्याचा विषय मागे पडला. चष्मेवाले जेवायला लागले, हसायलाही लागले.

पण उतरल्यावर दर वेळी मान हलवायचे. "जवळपास आलं. काहीतरी राहतंय."

"काय राहतंय?"

"तेच तर सांगता येत नाही गं. बहुतेक मीच विसरत चाललोय." हे म्हणताना त्यांचा आवाज अगदी बारीक झाला.

सिस्टरनी क्लबाच्या कॅप्टनना फोन लावला आणि नवऱ्याला सांगितलं, "रविवारी मी जाणार आहे वर. काय राहतंय ते बघून येते."

"तू? तुला झोपाळ्यावर चक्कर येते!"

"आली तर येईल."

रविवारी चष्मेवाले वर्षानंतर त्या मैदानावर उभे राहिले. सिस्टर पुढच्या सीटवर पट्ट्यांनी आवळलेल्या, मागे कॅप्टन. ग्लायडर सुटेपर्यंत पंखाचं टोक धरून कुणीतरी सोबत धावावं लागतं. ते चष्मेवाल्यांनी धरलं. ओढणाऱ्या यंत्राचा दोर ताणला गेला. त्यांना धावायला मनाई होती, म्हणून ते भरभर चार पावलं चालले आणि पंख हातातून सुटला.

मग ते मान वर करून बघत बसले. हेवा वाटला, खोटं कशाला बोला! थोड्या वेळानं हेवा ओसरला आणि नुसती काळजी उरली. ग्लायडर डोंगराच्या कडेनं जायचं, वळायचं, परत यायचं. असं ते कितीतरी वेळ चाललं.

सिस्टर उतरल्या त्या पांढऱ्याफटक पडून. हातात उलटीची पिशवी होती आणि ती भरलेली होती. चष्मेवाले पाण्याची बाटली घेऊन पुढे झाले, तर त्यांनी ती बाजूला सारली आणि शेडमधली एक खुर्ची ओढली.

"बसा."

"अगं, आधी पाणी तरी पी."

"बसा म्हणते ना! विसरेन मी. डोळे मिटा. डोंगर डावीकडे आहे."

चष्मेवाले बसले. सिस्टरनी मागून खुर्ची किंचित उचलून धरली. क्षणभर काहीच झालं नाही. मग खुर्ची जराशी, अगदी जराशी खाली गेली आणि लगेच डावी बाजू वर आली.

चष्मेवाल्यांच्या घशातून आवाज निघाला.

"उचलायच्या आधी ते जरा खाली सोडतं," सिस्टर धापा टाकत म्हणाल्या. "दर वेळी. हे तुम्ही मला सांगितलंच नव्हतं."

कसं सांगणार? इतकी वर्षं त्यांच्या अंगानं ते परस्पर झेललं होतं, मनाला कधी कळवलंच नव्हतं. चष्मेवाल्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि उजवा हात आपसूक दोन्ही गुडघ्यांच्या मधे गेला, जिथे दांडा असतो. आजूबाजूला क्लबातली माणसं जमली होती. कॅप्टननी त्यांना हातानंच गप्प केलं.

"हेच," चष्मेवाले म्हणाले. "हेच होतं. परत कर."

सिस्टरनी तोंड पुसलं, पाय रोवले आणि खुर्ची धरली.