सात नंबरच्या गाडीचा पुढचा ब्रेक

मी एक जुनी शिकवणीची मोटारसायकल आहे. टाकीवर पांढऱ्या रंगाने सात आकडा काढलेला आहे, म्हणून सगळे मला सात नंबर म्हणतात. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा माणसांचे उपकार मानून सुरुवात करतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. चौदा वर्षं मी माणसांना गाडी चालवायला शिकवते आहे, त्यामुळे माणसं किती शिकतात ते मला पक्कं ठाऊक आहे.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या माणसांनी माझा एकेक नट मोजून मापून आवळला. मग लाकडी खोक्यात बसून मी समुद्र ओलांडला आणि अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठावरच्या एका गावी आले. तिथल्या तंत्र महाविद्यालयाने माझ्यासारख्या दहा जणी घेतल्या होत्या. आल्या दिवशी प्राचार्य माझ्यावर बसून फोटो काढायला आले. "काय देखणी आहे!" असं म्हणाले आणि उतरताना पाय अडकून माझा आरसा मोडून गेले. माझं एवढं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

तेव्हापासून महाविद्यालयामागचा वाहनतळ हेच माझं जग. एप्रिल संपता संपता बर्फ वितळलं की आम्हाला लोखंडी कंटेनरमधून बाहेर काढतात आणि ऑक्टोबरात परत आत कोंबतात. हिवाळाभर उंदीर माझ्या सीटखाली संसार थाटतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्याला सगळं येतं असं निदान ते म्हणत नाहीत.

शनिवार-रविवार दोन दिवसांचा वर्ग असतो आणि रविवारी दुपारी परीक्षा. शिकवते लोर्ना बिस्बी. तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेली ही बाई. तिचा आवाज अजूनही मागच्या बाकापर्यंत पोचतो. "जिकडे बघाल तिकडे गाडी जाईल!" असं ती दिवसातून चाळीस वेळा ओरडते आणि लोक नारिंगी शंकूकडे टक लावून बघत नेमके त्याच शंकूवर जातात. कोणी क्लच सोडताना दचकतो, कोणी वळताना मला हळूच आडवी करतो आणि "सॉरी" म्हणतो. सॉरी मला नाही, आजूबाजूच्या लोकांना.

पण हे नवखे परवडले. त्यांना येत नाही आणि ते तसं कबूल करतात. माझा खरा तिटकारा आहे तो आधीच येणाऱ्यांचा. त्यातला सर्वांत मोठा नग गेल्या मे महिन्यात आला. वेंडेल स्कोग्लुंड त्याचं नाव. वय छप्पन्न, अंगात बिनबाह्यांचं कातडी जाकीट आणि त्यावर इतकी कापडी चिन्हं शिवलेली की कातडं शोधावं लागावं. गावातल्या मोटारसायकल क्लबचा तो अध्यक्ष. घरी माझ्या तिप्पट वजनाची चकचकीत गाडी आणि गाडी चालवण्याचा सव्वीस वर्षांचा अनुभव. लायसन्स मात्र नाही. दर वसंतात हा गृहस्थ लेखी परीक्षा देऊन शिकाऊ परवाना काढायचा आणि प्रत्यक्ष परीक्षेकडे फिरकायचा नाही. आमच्याकडे असे पुष्कळ आहेत आणि त्यांना त्याची लाजही वाटत नाही.

शिकाऊ परवान्यावर मागे कोणाला बसवता येत नाही. वेंडेलने बायकोला, मार्लिसला, सव्वीस वर्षं बसवलं. त्याच्या आदल्या सप्टेंबरात मासेमारीची जिवंत आमिषं विकणाऱ्या एका दुकानातून नाव लादलेला ट्रेलर ओढत एक ट्रक रस्त्यावर आला आणि वेंडेलची गाडी घसरून पडली. त्याला खरचटलं. मागे बसलेल्या मार्लिसचं खांद्याजवळचं गळपट्टीचं हाड मोडलं. ते जुळल्यावर तिने एवढंच सांगितलं की, रीतसर शिकून लायसन्स काढशील तेव्हाच मागे बसायचा विचार करीन. आणि वर्गात तिने स्वतःचंही नाव घातलं.

ही सगळी हकिकत मला पहिल्याच सकाळी कळली, कारण वेंडेल ती सगळ्यांना ऐकवत होता.

"ट्रक आडवा आला, मधे दोनशे फूट, फार तर," तो कॉफीचा पेला हलवत म्हणाला. "दुसरा कोणी असता तर थेट आदळला असता. मी काय केलं? गाडी आडवी घातली! मुद्दाम जमिनीवर घसरवली! म्हणून आज दोघं जिवंत आहोत."

मित्रांनो, 'मी गाडी आडवी घातली' हे वाक्य मी चौदा वर्षांत शंभरदा ऐकलं आहे. पडलेला प्रत्येक मर्द हेच म्हणतो. कोणीच पडत नाही, सगळे आडवी घालतात.

लोर्नाने चष्म्यावरून बघितलं. "टायरचं रबर गाडी लवकर थांबवतं की रस्त्यावर घसरणारं क्रोम, अध्यक्षमहोदय?"

"मॅडम, तुम्ही बस चालवायचात."

"हो. आणि एकदाही आडवी घातली नाही."

लोक हसले. मार्लिस हसली नाही. ती शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करते, बोलते कमी. ती माझी क्लचची तार निरखत उभी होती.

त्या दिवशी चार नंबरची गाडी सुरू होईना, म्हणून नवराबायकोच्या वाट्याला आळीपाळीने मीच आले. माझ्याकडे बघून वेंडेल म्हणाला, "ही गाडी आहे की शिवणयंत्र?" मार्लिस बसली तेव्हा तिचा डावा खांदा अजून आखडत होता. पण लोर्नाने सांगितलं तसं तिने पुढच्या ब्रेकवर उजव्या हाताची चारही बोटं ठेवली आणि लिंबू पिळावं तशी हळूहळू दाबली. वेंडेल बसला की त्याची चारही बोटं अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीला घट्ट. पुढच्या ब्रेकला स्पर्श नाही. पाय मात्र मागच्या ब्रेकवर धाडकन पडायचा.

"वेंडेल, पुढचा ब्रेक!" लोर्ना ओरडली.

"पुढचा दाबला की माणूस हँडलवरून उडतो! पोरंसोरंसुद्धा जाणतात हे!"

"कोण उडालं होतं?"

"माझ्या चुलत्याचा मित्र."

"तू पाहिलंस?"

"ऐकलंय ना!"

सव्वीस वर्षं हा माणूस एका ऐकीव मित्राच्या भीतीने अर्ध्याच ब्रेकवर गाडी हाकत होता. थांबण्याची बरीचशी ताकद पुढच्या चाकात असते. ती आमच्या अंगात घालताना कारखान्यातल्या माणसांनी किती डोकं खर्च केलं, आणि या महाशयांना चुलत्याचा मित्र जास्त विश्वासाचा!

रविवारी परीक्षा झाली. ताशी वीस मैलांच्या वेगाने यायचं आणि शंकूंच्या जोडीपाशी पोचलं की आखलेल्या रेषेच्या आत थांबायचं. वेंडेल आला ऐटीत. शंकूंपाशी त्याने पाय आदळला, माझं मागचं चाक जाम झालं, शेपूट डावीकडे वळली आणि रेषेच्या पार पुढे जाऊन आम्ही दोघं पडलो. माझा दिवा फुटला. परीक्षेत गाडी पडली की तिथेच संपलं. तो उठला आणि पहिलं वाक्य बोलला ते हे:

"हिचे ब्रेकच खराब आहेत!"

नाचता येईना, अंगण वाकडे. मला संताप आला, पण आमच्यासारख्यांना तोंड कुठे असतं? लोर्ना पुढे आली. तिने मला उचललं, हँडल तपासलं, स्वतः बसली आणि त्याच शंकूंपाशी ब्रेक दाबून रेषेच्या तीन फूट आधी उभी केली. मग मार्लिसची पाळी आली. तिने आखडलेला खांदा एकदा फिरवला. तिच्याखाली माझंही अंग दुखत होतं. ती थांबली ती रेषेच्या अलीकडे, जेमतेम वीतभर. पास झाली. वेंडेलने टाळ्या वाजवल्या, पण नजर जमिनीकडे होती.

पुढच्या शनिवारी त्याला फेरपरीक्षेला यायचं होतं. मला वाटलं, येणार नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आणि पुढच्या वसंतात पुन्हा शिकाऊ परवाना आहेच. पण तो आला, मार्लिसने पिकअप चालवत आणून सोडला. चिन्हांचं जाकीट घरी राहिलं होतं. मार्लिस कुंपणापाशी उभी राहिली.

"उजवा पाय मागे घे," लोर्ना त्याला म्हणाली. "मागचा ब्रेक आज नाहीच. चालण्याच्या वेगाने ये आणि फक्त बोटांनी थांब."

"आणि उडालो तर?"

"चालण्याच्या वेगाने उडालास तर मी तुला झेलते. ये."

त्याच्या हाताला इतका घाम आला होता की मला तो हातमोज्यातून जाणवला. बोटं उचलली गेली, परत मुठीवर गेली, परत उचलली गेली. अखेर चार बोटं माझ्या ब्रेकवर आली आणि दाबली. माझं नाक किंचित खाली झुकलं आणि आम्ही थांबलो. उडालं कोणी नाही. मित्रांनो, त्या क्षणी मला जरासुद्धा प्रेम दाटून आलं नाही. मला एवढंच वाटलं की, एवढ्या साध्या गोष्टीसाठी सव्वीस वर्षं आणि एक हाड लागलं.

तासभर त्याने तेच केलं, दर वेळी थोडा वेग वाढवून. मग लोर्नाने मागचा ब्रेकही जोडीला दिला. ताशी वीस मैलांवरून तो रेषेच्या पाच फूट आधी थांबला. पुन्हा आला, पुन्हा पाच फूट आधी. तो माझ्यावरच बसून राहिला. इंजिन त्याने बंद केलं.

"लोर्ना," तो म्हणाला. मॅडम म्हणाला नाही. "पंचेचाळीस मैलांच्या वेगात होतो मी. दोनशे फूट मिळाले तर, दोन्ही ब्रेक लावून..."

लोर्ना जवळ आली. "दोनशे होते, नक्की?"

"जास्तच असतील. मी मोजून आलोय मागच्या बुधवारी."

"मग थांबला असतास."

वेंडेल उतरला आणि कुंपणापर्यंत चालत गेला. मी जवळच उभी होते, सगळं ऐकू येत होतं.

"मार्लिस, मला थांबता आलं असतं गं."

"माहीत आहे मला."

"लोर्नाने सांगितलं?"

"कशाला सांगायला हवं? मी मागे बसले होते ना. तुझ्या खांद्यावरून तुझा उजवा हात दिसत होता मला. एक बोट हललं नाही तुझं."

त्याने स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. "मग बोलली का नाहीस? आठ महिने!"

"तू दवाखान्यात सांगितलंस, क्लबात सांगितलंस, माझ्या बहिणीला सांगितलंस की तू मला वाचवलंस. इतकं हवं होतं रे तुला ते. मी म्हटलं, स्वतः कळेपर्यंत थांबू."

"चुकलं माझं," तो म्हणाला आणि कुंपणाची जाळी धरून उभा राहिला. मार्लिसने जाळीतून त्याची बोटं धरली. मग म्हणाली, "जा, परीक्षा दे आधी. लोर्ना ताटकळलीये."

तो पास झाला. कागद हातात घेऊन तो परत कुंपणाशी गेला आणि विचारलं, "आता बसशील मागे?"

"नाही," मार्लिस म्हणाली. "मी माझी गाडी घेणार. तू माझ्यामागून ये. आणि क्लबात जाऊन खरं काय झालं ते सांग, तेव्हा परत विचार."

त्याने सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. वाहनतळाबाहेरचं मला काही कळत नाही आणि माणसाच्या शब्दावर मी पैज लावत नाही.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. मला पुसा, माझं तेल बदला, उंदरांना घर करू देऊ नका, हे मी म्हणणारच नाही. ते तुम्ही करणार नाही, हे चौदा वर्षांत पाहिलं आहे. पण कधी कोणाला मागे बसवलंत आणि पडलात, तर घरी येऊन शौर्याच्या गोष्टी सांगण्याआधी त्याला विचारा की त्याने काय पाहिलं. तो तुमच्या हातांकडे बघत बसलेला असतो.