दादा, वायर काढलीस का?

तीस वर्षं जनरेटर दुरुस्त करतोय आणि आता कंपनी म्हणते, परीक्षा द्या. सर्टिफिकेट नसेल त्यानं पुढच्या महिन्यापासून मशीनला हात लावायचा नाही, अशी नोटीस लागली. नोटीस चिकटवणाऱ्या कारकुनाला मी म्हटलं, माशाला पोहण्याचं सर्टिफिकेट देणार का आता? तो हसला. त्याला काय जातंय हसायला. माझं घर माझ्या या दोन हातांवर चालतं. बायको, म्हातारी आई, आणि धाकट्या भावाची बायको.

धाकटा आठ वर्षांपूर्वी गेला. माझ्याच हाताखाली शिकला होता. सगळे त्याला शंकासुर म्हणायचे, कारण प्रत्येक गोष्ट दोनदा विचारल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. डिझेल बघितलंस का, झाकण लावलंस का. आणि मशीनमध्ये हात घालण्याआधी हमखास, "दादा, वायर काढलीस का?"

बॅटरीची वायर. आमच्या धंद्यातला पहिला धडा. वीज गेली की हे जनरेटर आपले आपण सुरू होतात, कोणी बटण दाबायला लागत नाही. तुमचा हात आत आहे की बाहेर, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. बॅटरीची वायर काढून ठेवली तरच मशीन गप्प पडून राहतं.

त्या दिवशी आम्ही एका छापखान्याच्या तळघरात होतो. वायरीचा नट गंजून घट्ट बसला होता आणि त्याचा पाना वर गाडीत राहिला होता. जिने चढायचा कंटाळा आला. पंख्याचा पट्टा तर बदलायचा, दहा मिनिटांचं काम. धाकट्यानं आत वाकता वाकता विचारलं. मी म्हणालो, "काढली रे. किती डोकं खातोस." चार मिनिटांनी वीज गेली.

चौकशीत मी सांगितलं की वायर काढायचं काम त्याच्याकडे होतं, विसरला असेल. तसं लिहून दिलं, खाली सही केली. घाबरलो होतो, दुसरं काय. मेलेल्याची नोकरी जात नाही, असंही तेव्हा मनात आलं होतं. लाज वाटते सांगायला, पण आलं होतं.

भूतबित मी मानत नाही. पण कामावर परतल्यावर पहिल्याच मशीनपाशी वाकलो आणि डाव्या बाजूनं त्याचा आवाज आला. दादा, वायर काढलीस का? आठवण कशी असते ते मला कळतं, ही आठवण नव्हती. आवाज तळघरात घुमावा तसा घुमत होता, आणि मी तर भर उन्हात गच्चीवर होतो. तेव्हापासून प्रत्येक मशीनपाशी तो विचारतो. मी वायर काढतो, फडक्यात गुंडाळून बाजूला बांधतो आणि म्हणतो, काढली. मग तो थांबतो. एकदा मुद्दाम उत्तर दिलं नाही, तर काम संपेपर्यंत विचारत राहिला, तितक्याच शांतपणे. चिडला असता तर बरं झालं असतं.

घरी वेगळीच तऱ्हा. भावजय त्याच्या फोटोसमोर उभी राहून म्हणायची, जगाला शंका विचारत हिंडलात आणि नेमके तेव्हाच कसे विसरलात? आठ वर्षं ती त्याच्यावर रुसलेली आणि आठ वर्षं मी खाली मान घालून तिच्या हातचं जेवतोय.

परीक्षेला पोरासोरांत जाऊन बसलो. आधी आवारातल्या मशीनवर प्रात्यक्षिक झालं. वायर काढली, त्यानं विचारलं, मी काढली म्हणालो. परीक्षक बाई मला मुलगी शोभतील अशा वयाच्या. कोणाशी बोलताय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सवय आहे. चांगली सवय आहे म्हणाल्या, आणि पैकीच्या पैकी मार्क दिले. कोणी लावली, असंही विचारलं. भावानं, म्हटलं.

मग लेखी. शेवटचा प्रश्न होता : तुम्ही पाहिलेला एक अपघात आणि त्याचं खरं कारण लिहा. मी पेन उघडलं. जुनाच खोटा मजकूर तोंडपाठ होता. आणि त्या हॉलमध्ये, जिथं मशीन नाही, बॅटरी नाही, नुसती बाकं, तिथं डावीकडून तो म्हणाला, "दादा, वायर काढलीस का?"

मी लिहिलं, नाही काढली. मग सगळंच लिहिलं, पान भरून.

बाईंनी उभ्यानं वाचायला घेतलं आणि मध्येच खुर्चीत बसल्या. हे वर गेलं की जुनी चौकशी पुन्हा उघडेल, म्हणाल्या, सर्टिफिकेट तर विसराच. मग इकडेतिकडे बघून त्यांनी एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. भली बाई. मी तो परत सरकवला.

घरी येऊन भावजयीला समोर बसवून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"त्यांनी विचारलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही काढली म्हणालात."

"हो."

ती उठली, फोटो भिंतीवरून उतरवला आणि काच हातानं पुसत राहिली. "आठ वर्षं मी यांना विसराळू म्हणाले, भाऊजी," एवढंच बोलली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. तिचं बरोबरच आहे.

महिना संपेपर्यंत काम होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका गच्चीवरच्या मशीनवर गेलो. वायर काढली, फडक्यात गुंडाळली, बांधली. मग वाकून थांबलो. आत पंखा स्तब्ध होता. खाली रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. मी बराच वेळ थांबलो. गुडघे दुखायला लागले तरी थांबलो.

कोणीच विचारलं नाही.

"काढली रे," मी आपणहून म्हणालो. जरा थांबून पुन्हा म्हणालो.