कपाटावरची पेटी

सकाळी मागच्या शेडमध्ये पंप सुरू झाला, की स्वयंपाकघरातल्या फळीवरचे पेले किणकिणायला लागत आणि धाकटीचा हात आपोआप पोटावर जाई. पाचवा महिना सरत आला होता. बाळ नुकतंच हलू लागलं होतं, मधूनच, झोपेत कूस बदलावी तसं. ज्या सकाळी ते हलत नसे, त्या सकाळी तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

पंप म्हणजे पाण्याचा नव्हे. पेट्रोलवर चालणारा, पाठीवर बांधायचा, फळबागांना औषध मारायचा. घरातले दोघे भाऊ असे दोन पंप घेऊन लोकांच्या बागा फवारत आणि त्यावर घर चालत होतं, चांगलं चालत होतं. थोरल्या भावाला तर सगळे 'तोफ' म्हणत. तोंडाला साधं फडकं न बांधता तो वाऱ्याच्या समोर फवारत जाई. नळीच्या टोकाचं नोझल तुंबलं, की ओठांना लावून फुंकर मारी. इंजिन तापलेलं असतानाच त्यात पेट्रोल ओती आणि वर छाती काढून म्हणे, "किडे मरतात याने, माणसं नाही." धाकटीचा नवरा भावाचं बघून तेच करायचा. मोठ्याने वाट चुकावी आणि लहान्याने ती मळवावी, यालाच घराण्याची रीत म्हणत असावेत.

औषध कालवायचं काम मात्र बायकांचं. पिंपात पाणी घ्यायचं, डब्यातलं औषध ओतायचं आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळत राहायचं. काठी चालत नसे. "काठीला काय कळतंय? गुठळी हाताला कळते," असं सासूबाई म्हणत. पुरुषाचा हात त्या पिंपात कधी गेला नव्हता. का गेला नव्हता, हे कोणी विचारलं नव्हतं. कणीक कोणी मळायची, हे तरी कोण विचारतं?

लग्न होऊन आली तेव्हापासून हे काम थोरल्या सुनेकडे होतं. तिला तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा पोटातलं पोटातच संपलं. पहिल्या वेळी घर रडलं. दुसऱ्या वेळी घर गप्प बसलं. तिसऱ्या वेळी घराने निकाल देऊन टाकला, की हिची कूसच वाईट. मग तिचं ताट वेगळं झालं, पेला वेगळा झाला, आणि ढवळायचं काम कायमचं तिच्या गळ्यात पडलं. हिचं आता काय बिघडायचंय, असा सरळ हिशेब होता तो.

धाकटीला दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी तिला आत बोलावलं, दार लोटलं आणि हळू आवाजात नियम सांगितले.

"तिच्या हातचं खायचं नाही. तिने धुतलेलं अंगात घालायचं नाही. ती खोलीत आली, की आपण बाहेर. मला तिचा राग नाही हो, पण जपलेलं बरं."

धाकटीला आधी हसू आलं होतं. पण पोटात जीव वाढू लागला, की भीती आयतीच घरात येते, तिला कोणी बोलवावं लागत नाही. आणि विशेष म्हणजे थोरली स्वतःच तशी वागे. बोळात समोरासमोर आल्या, तर भिंतीला पाठ लावून उभी राही. आपले कपडे धाकटीच्या दोरीवर कधी घालत नसे. एकदा पायरीवर धाकटीला घेरी आली, तेव्हा थोरली धावत आली खरी, पण हातभर अंतरावर खिळल्यासारखी थांबली. पुढे केलेले दोन्ही हात तिने झटकन पाठीमागे लपवले आणि सासूबाईंना हाका मारू लागली. धाकटीच्या मनात आलं, हिला स्वतःलाच ठाऊक आहे तर! त्या दिवसापासून थोरलीची पावलं वाजली, तरी तिच्या अंगावर काटा येई.

आता कपाटावरच्या पेटीचं सांगायला हवं. पंप नवा आला तेव्हा त्याच्यासोबत एक पेटी आली होती. तिच्यात तोंडावर लावायचा मास्क होता, चष्मा होता, कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे होते. सासूबाईंनी ती प्लास्टिकसकट कपाटावर ठेवली. "नवंकोरं आहे, कशाला खराब करायचं? कधी लागलं तर असावं." थोरलीने एकदा हातमोजे मागितले, तर तिचा नवरा खो खो हसला. "हातमोजे? फोटो काढायचाय का राणीसाहेबांना?" पुन्हा तिने मागितले नाहीत.

गल्लीच्या तोंडाशी गॅरेज होतं. तिथला मिस्त्री थोरल्याला दोनदा म्हणाला होता, "टाकीच्या झाकणाचं रबर फाटलंय. बदला ते, नाहीतर पाठीवर गळेल." थोरल्याने रबराच्या जागी चिंधीची घडी बसवली. काम भागलं.

त्या दिवशी वारा सकाळपासूनच होता. म्हणून पिंप शेडमध्ये घेतलं, दारही ओढून घेतलं. थोरली ढवळत होती. शेजारी इंजिन तापायला म्हणून तिच्या नवऱ्याने दोरी ओढून पंप सुरूही केला. धूर, औषधाचा उग्र वास आणि तो कानठळ्या बसवणारा आवाज. टाकी भरली. थोरलीने मागून भरलेला पंप उचलून नवऱ्याच्या पाठीला लावला, तो पट्टा आवळायला खाली वाकला, झाकणातली चिंधी सटकली, आणि औषधाची धार थोरलीच्या मानेवरून छातीवर, पोटावर उतरली.

"सांडलंस ना!" तो ओरडला. "फुकट येतं का ते?"

चिंधी परत दाबून दोघे भाऊ निघून गेले.

"कपडे बदलून येते," थोरली म्हणाली.

"आधी ते दुसरं पिंप धुऊन ठेव," सासूबाई मागच्या दारातून म्हणाल्या. "दुपारी लागेल त्यांना. कपडे काय, वाळतात अंगावर."

आणि थोरली पिंप धुवायला बसली. वर्षानुवर्षं ऐकायची सवय लागली, की माणूस स्वतःच्या जिवाचंही ऐकत नाही.

बराच वेळ मागून काही आवाज आला नाही, म्हणून धाकटीने मागचं दार उघडलं. थोरली भिंतीला टेकून बसली होती. तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, घामाने केस कपाळाला चिकटले होते. पापणीखालची आणि ओठाखालची कातडी आपोआप उडत होती. डोळ्यांतला काळा ठिपका मोहरीएवढा बारीक झाला होता.

"मागे हो!" सासूबाई किंचाळल्या. "तुझ्या पोटात जीव आहे. बघू नकोस तिच्याकडे!"

धाकटी मागे सरली. खरंच सरली. सांगायला वाईट वाटतं, पण त्या क्षणी तिच्या मनात आलं ते हेच, की हिचं जे काही आहे ते आपल्या बाळाला लागेल. तिने दोन्ही हातांनी पोट झाकलं. बाळ सकाळपासून हललं नव्हतं.

"जवळ... येऊ नकोस," थोरलीही म्हणाली. शब्द लाळेत अडकत होते. "माझे कपडे... भिजलेत औषधाने. हाताला लागेल तुझ्या. बाळाला... बाधेल. पेटी... कपाटावरची. आधी हातमोजे घाल. मग ये."

धाकटी ऐकतच राहिली. बोळात भिंतीला लागलेली पाठ, वेगळी दोरी, पायरीवर झटकन मागे गेलेले ते हात, सगळं एकदम तिच्या डोळ्यांसमोर आलं. ही स्वतःच्या कुशीला भिऊन दूर राहत नव्हती! हिच्या हाताला औषध होतं, म्हणून ही दूर राहत होती. सगळ्या घरात बाळाला जपणारी एकच बाई होती, आणि आपण तिलाच भीत होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही.

भीती गेली नाही. भीती तेवढीच राहिली, फक्त तिने जागा बदलली. थोरलीवरून उठून ती शेडमधल्या त्या पिंपावर जाऊन बसली.

धाकटी धावली. स्टुलावर चढून तिने पेटी खाली ओढली, प्लास्टिक दातांनी फाडलं.

"अगं, नवं आहे ते!" सासूबाईंच्या तोंडून निघून गेलं. आणि मग आपण काय बोललो हे ऐकून त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

"आई, नळी आणा! साबण आणा!"

मास्क, हातमोजे चढवून धाकटीने कात्रीने थोरलीचे कपडे कापून बाजूला टाकले. सासूबाई लांबून नळी धरून उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या सुनेचं ऐकत होत्या. मान, छाती, हात, केस, सगळं साबणाने धुतलं. धाकटीने स्वच्छ चादर गुंडाळली आणि गॅरेजकडे तोंड करून जीव खाऊन हाक मारली. मिस्त्री गाडी घेऊन आला. येताना त्याने औषधाचा डबा पिशवीत बांधून घेतला. "डॉक्टर विचारतील, काय लागलंय ते," तो म्हणाला.

दवाखान्यात थोरलीला आत नेलं. डॉक्टरीण बाईंनी धाकटीलाही तपासलं. बाळाचे ठोके आहेत म्हणाल्या. तरी धाकटी पोटावर हात ठेवून हलण्याची वाट बघत राहिली.

दुपार कलली तेव्हा डॉक्टरीण बाई बाहेर आल्या. "वेळेवर धुतलंत, म्हणून वाचल्या. हाताला काही दिवस कापरं राहील. किती वर्षं हे हाताने ढवळतात?"

सासूबाई बोटांवर वर्षं मोजू लागल्या.

"मुलं आहेत यांना?"

"तीन गेली," सासूबाई म्हणाल्या. "पोटातच."

डॉक्टरीण बाई डब्यावरच्या कवटीच्या आणि हातमोज्यांच्या चित्रांकडे बघत राहिल्या. "कशाने गेली, हे आज कोणीच खात्रीने सांगू शकणार नाही. पण दिवस गेलेल्या बाईला या डब्याजवळ उभंसुद्धा करू नका. आणि जे गेलं, त्याचा दोष त्यांना देत असाल, तर तो आजच थांबवा."

थोरली शुद्धीवर होती. धाकटी तिच्याजवळ बसली.

"ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"डब्यावर चित्रं काढलीयेत ना. न वाचणाऱ्यालाही कळतील अशी." थोरली थांबून थांबून बोलत होती. "दुसऱ्या वेळी आईंना म्हटलं होतं मी. त्या म्हणाल्या, आपल्या कुशीचं खापर औषधावर फोडू नकोस. मग म्हटलं, माझं गेलं ते गेलं. निदान तुझं तरी..."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. त्या आत आल्या नाहीत.

संध्याकाळी घरी थोरला अंगणात उभा होता. तोफेचा आवाज निघत नव्हता, चेहरा उतरला होता. पण सवय माणसाच्या आधी बोलते.

"उद्याच्या बागेचा शब्द दिलाय," तो धाकटीला म्हणाला. "ती येईपर्यंत तेवढं तू ढवळ. उद्याच्या पुरतं."

या घरात थोरल्याला कोणी नाही म्हटलं नव्हतं. तरी धाकटी शेडच्या दारात जाऊन उभी राहिली.

"नाही, दादा. उद्या नाही आणि परवाही नाही. ताईसुद्धा ढवळणार नाहीत. झाकणाचं रबर बदलल्याशिवाय हा पंप कोणाच्या पाठीवर जायचा नाही."

"मग ढवळायचं कोणी? आमच्याकडे पुरुष कधी..."

"माझी दोन गेली," सासूबाई मध्येच म्हणाल्या. त्या खाली, पायरीवर बसल्या होत्या, आवाज कोणी ओळखला नसता. "तुझ्या आधी, दोन. तेव्हा पिंप माझ्याकडे होतं. माझ्या सासूने माझं ताट वेगळं केलं. मग मी नेमाने तेच ताट माझ्या सुनेपुढे ठेवलं."

ओट्यावर बसलेला धाकटीचा नवरा उठला, कुंपणाजवळची एक लांब काठी घेऊन आला आणि शेडला टेकवून ठेवली.

पुढचे काही दिवस दोन्ही पंप बंद होते. मिस्त्रीने नवं रबर बसवलं, नळ्या तपासल्या, नोझलसाठी मऊ ब्रश दिला आणि तोंड लावलंस तर पंप परत देणार नाही, अशी तोफेलाच तंबी दिली. नंतर काम सुरू झालं ते बाहेर उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. धाकटीचा नवरा मास्क लावून काठीने ढवळू लागला. जी गुठळी हाताला कळायची, ती काठीलाही कळली. पंप निवल्यावरच त्यात पेट्रोल जाऊ लागलं. फवारणीचे कपडे ज्याचे त्याने वेगळे धुवायचे, हाही नियम झाला. इतकं सोपं होतं. इतक्या सोप्या गोष्टीसाठी एका घरात दोन पिढ्यांच्या कुशी बदनाम झाल्या. वाचणाऱ्याने आपल्याही कपाटावर एकदा नजर टाकावी, आणि आपल्या घरात वेगळ्या ताटात कोण जेवतं तेही बघावं.

थोरली घरी आली, ती बोळातून येताना सवयीने भिंतीला पाठ लावून उभी राहिली. समोरून धाकटी येत होती. धाकटी थांबली, तिने थोरलीचा कापरा हात धरला आणि आपल्या पोटावर ठेवला.

थोरलीने हात ओढून घेतला. "आधी हात धुतलेत का विचार, वेडे."

"धुतलेत का?"

"धुतलेत. साबणाने."

"मग ठेवा."

थोरलीने हात ठेवला. बोळात कोणी हललं नाही. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई हातात ताट धरून उभ्या होत्या, सगळ्यांच्या ताटांसारखंच एक ताट. धाकटीला अजून भीती वाटत होती. बाळ पोटाबाहेर येऊन रडेपर्यंत ती वाटत राहणार होती.

"हललं का गं?" सासूबाईंनी थोरलीला विचारलं. हा प्रश्न त्या घरात तिला आजवर कोणी विचारला नव्हता.

थोरलीने मान डोलावली, बोलायला तोंड उघडलं, पण तिला रडूच फुटलं. हात मात्र तिने काढला नाही.