काचेच्या खोलीतला पेशंट

कॉलेजवाल्यांनो, तुम्ही मला खोटं बोलायला लावलंत. तेही तोंड न उघडता, वर्षानुवर्षं.

मी नर्सिंग कॉलेजातला सरावाचा पुतळा बोलतोय. रबरी कातडी, आत नळ्या, हवा फुंकली की फुगणारी छाती. कारखान्यात ज्या बाईनं माझा दंड बसवला ती म्हणाली होती, "जा बाबा, आता पोरी तुझी चाळण करतील." मला तो आशीर्वादच वाटला.

इथे आलो आणि काचेच्या खोलीत पडलो. प्रवेशाचे दिवस आले की माझी चादर बदलतात, कपाळावरची धूळ पुसतात. एरवी कुलूप. मुली बाहेरून जाता-येता मला बघतात आणि वर्गात बसून आकृत्या पाठ करतात. नुसतं पडून राहूनही किती थकायला होतं, कुणाला सांगू?

परवा एक मुलगी वडिलांबरोबर कॉलेज बघायला आली. वडील इमारतीवर खूश.

"लिफ्ट बघ, वसतिगृह बघ! डिग्री काय, दोन्हीकडे सारखीच. त्या दुसऱ्या कॉलेजात भिंतींचे पोपडे पडतायत."

"पण बाबा, त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल आहे."

प्रवेशाचं काम बघणाऱ्या मॅडम गोड हसल्या. "आमचाही एका हॉस्पिटलशी करार होतोय. तोवर हा आहे ना! मुली याच्यावरच इंजेक्शन शिकतात."

मुलीनं चादर सारली आणि माझ्या दंडावरून अंगठा फिरवला. कुणीतरी हात लावला, एवढ्यानंच मला भरून आलं.

"याला तर एकही भोक नाही. तिकडच्या पुतळ्याच्या दंडावर बोट ठेवायला जागा नव्हती."

"अगं, जपून वापरत असतील."

"बाबा, उद्या माझ्यासमोर तापानं फणफणलेलं पोर असेल. आयुष्यातली पहिली सुई मी त्याला टोचू?"

वडिलांनी हातातला कोरा अर्ज मॅडमना परत दिला. "चल. पोपडे तर पोपडे."

पोरींनो, कॉलेज निवडायला याल तेव्हा माझ्या रूपाला भुलू नका. पेशंट कुठे भेटतील, वॉर्डात कधीपासून नेतील, ते विचारा. तिथल्या मुलींना एकटं गाठून विचारा. आणि मला वापरा हो, फाटेपर्यंत वापरा. नाहीतर अडगळीत टाका, पण हे दाखवणं पुरे.

दोघं गेल्यावर मॅडमनी शिपाईकाकांना सुया आणायला पिटाळलं. मला वाटलं, चला, अखेर वर्ग भरणार!

काका सुई घेऊन आले, चष्मा सावरत माझ्या दंडावर वाकले आणि म्हणाले, "मॅडम, किती वर्षांची भोकं पाडू?"