पाठ केलेला नकाशा

टोमॅटो पिकला आहे की नाही हे माझा दादा डोळ्यांनी ठरवत नाही. तो टोमॅटो हातात घेतो, अंगठ्याने दाबतो, नाकाशी नेतो आणि तरीही खात्री झाली नाही तर मुकाट्याने माझ्यापुढे धरतो. हे लहानपणापासूनचं आहे. त्याच्या खडूंवरचे कागद फाटले की हिरवा कुठला आणि तपकिरी कुठला हे त्याला कळायचं नाही. त्याने खडू पुढे धरायचा आणि मी रंग सांगायचा, असं आमचं ठरूनच गेलं होतं. एकदा मी तापाने झोपून होते तेव्हा त्याने शाळेत झाडाचं खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवली, आणि पोरांनी हसून वर्ग डोक्यावर घेतला. त्यानंतर घरात या विषयावर कुणी अवाक्षर काढलं नाही. लग्न होऊन वहिनी आली, तीही दोन दिवसांत सगळं समजली आणि त्याच्या मोज्यांच्या जोड्या गाठ मारून ठेवू लागली.

पुढे मी रंगांवरच पोट भरायला लागले, यात नवल नाही. मी पाण्याच्या खात्यात नकाशे रंगवते. कुंचला घेऊन नव्हे. पुराचे आकडे कॉम्प्युटरमधून येतात आणि कुठल्या आकड्याला कुठला रंग द्यायचा हे मी ठरवते. ऐकायला हा फावल्या वेळातला उद्योग वाटतो. आमच्या साहेबांनाही तसाच वाटायचा.

दादा त्याच खात्यात, समोरच्या इमारतीत, पूर नियंत्रण कक्षात पाळीप्रमुख होता. नदी चढली की कुठली वस्ती आधी हलवायची हे त्याने सांगायचं. इतकी वर्षं त्याचं सगळं काम आकड्यांवर चाललं. पुलाजवळ पाणी किती, गोदामांजवळ किती, हे फोनवर यायचं आणि त्याच्या डोक्यात लख्ख नकाशा उभा राहायचा. त्यात रंगाचा संबंधच नव्हता. मग नवीन पडदे आले, नकाशे आले आणि साहेबांनी आकडे काढून टाकले, कारण आकड्यांनी पडदा गिचमिड दिसतो.

साहेबांना इंद्रधनुष्य हवं होतं. कोरड्या जागी निळा, मग हिरवा, पिवळा, केशरी आणि जिथे माणसं बुडतील तिथे लाल. "शेंबड्या पोरालाही कळेल," ते म्हणाले.

माझी एक जुनी रीत आहे. कुठलाही नकाशा मी ऑफिसच्या व्हरांड्यातल्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापून बघते. रंग गेल्यावरही पाणी कुठे जास्त आहे हे कळलं, तर नकाशा पास. साहेबांचा नकाशा छापला तर सुरक्षित हिरवा आणि बुडालेला लाल, दोन्ही एकाच करड्या रंगाचे निघाले. मग मी माझा केला. फिकट पिवळ्यापासून सुरुवात, मग हिरवट निळा, मग गर्द निळा. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा गडद. वस्ती हलवायची असेल तिथे वर तिरके पट्टे, म्हणजे रंग दिसो न दिसो, पट्टे दिसतीलच.

साहेबांनी नाक मुरडलं. "कावीळ झाल्यासारखा दिसतोय."

लाल-हिरवं ज्यांना वेगळं दिसत नाही अशांच्या डोळ्यांना इंद्रधनुष्य कसं दिसेल, तेही मी कॉम्प्युटरवर करून दाखवलं. सगळीकडे चिखल. साहेबांनी ते नुसतं बाजूला सारलं. "हे यंत्राचं नाटक झालं. मला असा एक जिवंत माणूस दाखवा. नियंत्रण कक्षात आहे का कुणी?"

मी मूग गिळून बसले. नाव जिभेवर होतं, आणि तो माझा सख्खा भाऊ होता.

शेवटी साहेबांनी तोडगा काढला. चारही पाळीप्रमुखांना बोलवू, दोन्ही नकाशे वाचायला देऊ आणि विचारू की कुठला हवा. सरावासाठी दोन्ही नकाशांच्या प्रती आठवडाभर आधी कक्षात पाठवल्या. माझा जीव भांड्यात पडला. दादाने फक्त "हा दुसरा सोपा आहे" एवढं म्हणायचं होतं. कारण सांगायची गरजच नव्हती.

त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले.

"दादा, एवढंच म्हण. बाकी मी बघते."

तो पेपरची घडी घालत होता. ती घालून झाली तरी पुन्हा उघडून घालत राहिला. "आणि त्यांनी विचारलं की पहिला का नको?"

"डोळ्यांना त्रास होतो म्हण."

"डोळे म्हटलं की डोळे तपासतील, छोटे. मग मला स्टोअरमध्ये बसवतील, गमबूट मोजायला. पोरगी तिच्या मैत्रिणींना सांगते, माझे बाबा पुरातून माणसं काढतात."

"आणि उद्या खरोखर पाणी आलं तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. शेजारच्याला विचारीन."

"शेजारचा चहा प्यायला गेला असला तर?"

वहिनी आतून पाणी घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो बघेल बरोबर काय करायचं ते." मला ते आश्वासन वाटलं.

चाचणीच्या दिवशी दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. बाकीच्या तिघांनी दोन्ही नकाशे वाचले. थोडं अडखळले, थोडं एकमेकांकडे बघून हसले. दोघांना माझा बरा वाटला, एकाला साहेबांचा. दादाची पाळी शेवटी आली. साहेबांनी इंद्रधनुष्य त्याच्यापुढे सरकवलं.

दादाने नदीच्या वरच्या वळणावर बोट ठेवलं आणि सुरुवात केली. "पुलाखालची वस्ती लाल. गोदामं केशरी. शाळेमागची घरं हिरवी. वीटभट्टीजवळची गल्ली निळी." एकही चूक नाही. बाकीच्या तिघांपेक्षा झरझर. मी थक्क झाले. क्षणभर मला वाटलं, इतकी वर्षं आम्हीच काहीतरी चुकीचं समजत होतो.

"गोदामं कुठली म्हणालात?" साहेबांनी मध्येच विचारलं.

दादाचं बोट गोदामांवर गेलं नाही. ते परत वरच्या वळणावर गेलं आणि तिथून खाली येऊ लागलं, आणि त्याचे ओठ हलत होते. पाढा म्हणताना मधलंच विचारलं की पोरं पहिल्यापासून सुरू करतात, अगदी तसं. "केशरी," तो म्हणाला.

तेव्हा मला कळलं. त्याने नकाशा वाचला नव्हता, पाठ केला होता.

"मग यातला कुठला हवा?" साहेबांनी विचारलं.

"हाच बरा," दादा इंद्रधनुष्यावर हात ठेवून म्हणाला. "लाल म्हणजे लाल. त्यात गोंधळ नाही."

साहेब खूश होऊन माझ्याकडे वळले. "आता दोन-दोन झाले, आणि सगळ्यांत अनुभवी माणूस माझ्या बाजूने. निकाल तुमच्या घरातूनच आला की!" सगळे हसले. दादाही हसला, पण माझ्याकडे बघून नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी पुढचं मी निव्वळ रागाने केलं असं कुणी म्हणू नये. मला पुलाखालची वस्ती दिसत होती. तिथल्या माणसांना ठाऊक नव्हतं की त्यांचा जीव एका माणसाच्या पाठांतरावर टांगलेला आहे, आणि पूर काही पाठ केलेल्या नकाशाप्रमाणे येत नसतो. माझ्या फाइलमध्ये आणखी एक पूर होता, जुना, पाणी दुसऱ्याच काठाला चढलं होतं तेव्हाचा. दोन्ही रंगसंगतींमध्ये छापलेला. त्यातलं इंद्रधनुष्य काढून मी त्याच्यापुढे ठेवलं.

"दादा, आता हा वाच."

त्याने नकाशाकडे बराच वेळ पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखते. खडू पुढे धरला की तो असंच बघायचा, मी सांगेपर्यंत. खोलीतले सगळे थांबले होते. "राहू दे, वेळ झाला" एवढं मी म्हटलं असतं तरी निभावून गेलं असतं. मी म्हटलं नाही.

त्याने बोट वरच्या वळणावर ठेवलं. "पुलाखालची वस्ती हिरवी," तो हळू म्हणाला. ती केशरी होती. "गोदामं हिरवी." ती तेवढी खरंच हिरवी होती. मग बोट वीटभट्टीजवळच्या गल्लीवर आलं, तिथे त्याचं स्वतःचं घर आहे. "इथेही हिरवंच. काही भीती नाही."

ती गल्ली लालभडक होती.

एक पाळीप्रमुख हसला. त्याला वाटलं दादा गंमत करतोय. "अहो, तुमचं घर बुडालंय तिथे." मग त्याने दादाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गप्प झाला.

मी घाईघाईने त्याच पुराचा माझा नकाशा पुढे केला. दादाने तो सरळ वाचला, कुठूनही विचारलं तरी, कोपऱ्यातल्या पट्ट्यांसकट. पण नकाशाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे त्याच्या डोळ्यांकडे बघत होते.

साहेब हट्टी असले तरी दुष्ट नाहीत. इंद्रधनुष्य त्यांनी त्याच दिवशी रद्द केलं, आकडेही परत आणायला लावले. माझे रंग मंजूर झाले, दुसऱ्या खात्यांनीही मागून घेतले. आणि नियंत्रण कक्षातल्या सगळ्यांचे डोळे तपासायचा हुकूम निघाला. दादा स्टोअरमध्ये गेला.

मी साहेबांकडे जाऊन भांडले. "या नकाशावर तो इतरांइतकंच बिनचूक वाचतो. तुम्हीच ऐकलंत. मग त्याला बाहेर का ठेवता?"

"नियम डोळ्यांचा आहे, नकाशाचा नाही," साहेब म्हणाले. "मी वर लिहिलंय. बघू." ते अजून बघतायत.

वहिनीचा फोन आला तो आठवड्याने. आवाज चढलेला नव्हता, उलट फारच शांत होता.

"रोज जेवणं झाली की आम्ही दोघं टेबलावर तो नकाशा घेऊन बसायचो. मी बोट ठेवायचे, तो सांगायचा. चुकला की परत वरून. सात वर्षांच्या पोरासारखा बसायचा गं. आणि तू सगळ्यांदेखत..."

"वहिनी, त्या लोकांचा विचार करा ना."

"तो त्यांचाच विचार करत आलाय आयुष्यभर. तू त्याचा करायचास."

माझ्याकडे उत्तर होतं, आजही आहे. केलं ते बरोबरच केलं असं मी अजूनही म्हणते. पण ते म्हणून वहिनीच्या रिकाम्या टेबलाचं काय करायचं ते मला कळत नाही.

पुढे नदी चढलीच. खूप नाही, पण पुलाखालची वस्ती हलवावी लागली आणि ती वेळेवर हलली. मी कक्षातच होते. दुपारी दादा गमबुटांचं पोतं खांद्यावर घेऊन आला. ते दाराशी उतरवून तिथेच उभा राहिला आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे बघत राहिला. फिकट पिवळा, निळा, गर्द निळा, पट्टे. त्याचे ओठ हलत नव्हते. त्याला पाठ करायची गरजच नव्हती, त्याला सगळं दिसत होतं. त्याच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने वळून विचारलं, "आणखी काही होतं का?" तो "नाही" म्हणाला आणि गेला.

पाणी ओसरल्यावर मी त्यांच्याकडे गेले. बोलावलं कुणीच नव्हतं. वहिनीने दार उघडलं, बस म्हणाली आणि आत निघून गेली. दादा जेवणाच्या टेबलाशी भाजी निवडत होता.

"तू मला आधी सांगायचं होतंस," तो मान वर न करता म्हणाला. "तिसरा नकाशा आहे म्हणून."

"सांगितलं असतं तर तू आला नसतास."

"नसतोच आलो. आजारी पडलो असतो. माझ्या जागी दुसरा कुणी चुकला असता."

"आणि कुणीच चुकला नसता तर?"

त्याने टोपलीतून एक टोमॅटो काढला. अंगठ्याने दाबला, नाकाशी नेला, खिडकीकडे धरून पाहिला. त्याला ठरवता येत नव्हतं, हे मला टेबलाच्या या टोकावरून कळत होतं. सवयीने त्याचा हात माझ्याकडे अर्धा आला आणि तिथेच थांबला.

"लाल आहे," मी म्हटलं.

"मी तुला विचारलं नव्हतं," दादा म्हणाला, आणि टोमॅटो हातात तसाच धरून वहिनी बाहेर यायची वाट बघत बसला.