रश्श्यापायी गेलेला हिमालय

मटणाच्या रश्श्यापायी माझा हिमालय गेला. थू असल्या जिभेवर!

एकोणऐंशी सालची गोष्ट. मी नजीरा, गारगोटीच्या एका शाळेत खेळ शिकवायची. मनालीकडचं एक पत्रक मीच मागवलं. नवशिक्यांसाठी सोपा ट्रेक, आठ दिवस, बायकाबी चालतील. मला बर्फ बघायचा होता, हातात घिऊन. अम्माची अट एकच, शाळेतल्या मास्तरांसंगं जायचं, एकटीनं न्हाय. म्हणून सयाजी मास्तरांना इचारलं. ते, जोतीराम, आकाराम आणि गणपतराव, चौघंबी मास्तर लगेच तयार झाले.

गाडी कुठली, स्वेटर किती, पाठीवर वजन किती, समदं मीच काढलं. दर रविवारी दहा किलो जोंधळा पाठीवर घिऊन भुदरगड चढायची. आणि ह्यांचा सराव? एस.टी.नं पन्हाळ्याला जायाचं, झाडाखाली मटण शिजवायचं, वाटी वाटी रस्सा भुरकायचा आणि तिथंच घोरत पडायचं. मिशीवरचं तेलबी पुसत न्हवते. शी!

"अर्ज मी धाडतो की बाई, तुम्ही निवांत ऱ्हावा," सयाजी मास्तर म्हणाले. मी बी खुळी, निवांत ऱ्हायली.

पंधरा दिवसांनी सयाजी मास्तरांच्या नावावर उत्तर आलं, मला दावलं दोन दिवसांनी. चौघांची नावं मंजूर. माझ्या नावापुढं लिवलेलं, 'छावणीत जेवणाची सोय आहे. आचारी सोबत आणू नये.'

"आचारी कोण?" मी इचारलं.

गणपतराव खाली बघाय लागले. सयाजी मास्तर मात्र हसले. "आठ दिवस रश्श्याबिगर माणूस जगंल व्हय? तिथं नुसती डाळ देत्यात म्हणं. म्हणून तुमचं नाव आचारी म्हणून घातलं. त्येंचा असला नेम हाय, हे आम्हाला काय ठावं?"

माझं टाळकंच फिरलं. "खेळाच्या बाई असं लिवताना हात झडला असता काय तुमचा? आत्ताच्या आत्ता दुसरं पत्र लिवा. चूक झाली म्हणा."

"आता कसलं? त्या जागंवर आमच्या मेव्हण्याचं नाव कालच धाडलं. तुम्ही फुडल्या वर्षी जावा की."

वर दात काढत म्हणाले, "बरं, पुण्यास्नं गाडी कुठली धरायची, तेवढं लिवून द्या."

आणि मी दिलं. गाडी, वेळ, दिल्लीला कुठं बदलायचं, समदं बरोबर लिवून दिलं. एक आकडाबी चुकवला न्हाय. त्यांच्यापरास माझीच शिसारी येतीय मला, अजून.